उजेडाविना वाढलेली प्रवाळं आणि आपल्याकडची चुनखडी

मागच्या अंकात डेन्मार्कमधल्या फाक्से इथल्या चुनखडीच्या खाणीवर छोटी नोंद आली होती. खोल, अंधाऱ्या समुद्रात वाढलेल्या प्रवाळांचे उंचवटे तिथल्या खडकात जसेच्या तसे टिकून आहेत, एवढाच तिचा आशय होता. त्यावर कोरपना, वणी, वरोरा, उमरेड या भागांतून बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आसपास सिमेंट कंपन्यांच्या खाणी आहेत. पोरं राखाडी आणि गुलाबी चुनखडीचे तुकडे वर्गात आणतात. एका तुकड्यावर फर्नच्या पानासारखी काळी नक्षी आहे, दुसऱ्यात काळपट दातेरी रेघ आरपार गेली आहे. फाक्सेसारखं प्रवाळ आमच्या खाणीत सापडेल काय?
— एक शिक्षक, कोरपना तालुका

नाही सापडणार, आणि त्याला कारण खडकाचं वय. तुमच्याकडची चुनखडी पैनगंगा समूह नावाच्या खडकांच्या गटातली आहे. भूवैज्ञानिक तिला ‘चांदा चुनखडक’ म्हणतात. ती साधारण शंभर कोटी वर्षांच्या घरातली. तेव्हा समुद्रात सूक्ष्मजीव होते, शैवालं होती. प्रवाळ, शिंपले, गोगलगाई यांतलं काहीच नव्हतं. कठीण सांगाड्याची प्रवाळं ठळकपणे दिसू लागतात ती ऑर्डोव्हिशियन काळात, म्हणजे पन्नास कोटी वर्षांच्या अलीकडे. आजच्या दगडी प्रवाळांचा गट तर आणखी उशिरा, मध्य ट्रायासिकमध्ये, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी आला.

गंमत म्हणजे तुमची चुनखडी खोल पाण्यातच साचलेली आहे. पातळ, सपाट, एकसारखे थर. लाटांच्या वळ्या नाहीत, उन्हाने चिखल तडकल्याच्या भेगा नाहीत. मध्येच समुद्रतळाच्या उतारावरून घसरून आलेल्या तुकड्यांचे थर. या खुणांवरून तिची खोली ठरवली गेली. जीवाश्म नसताना केवळ गाळ वाचून खोली ओळखता येते, याचं हे चांगलं उदाहरण आहे. पुढच्या उत्तरांमध्ये हाच मुद्दा पुन्हा लागेल.

काळी नक्षी वनस्पतीची नाही. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने सोडलेलं मँगनीजचं ऑक्साइड आहे ते. ओळख सोपी : नक्षी फक्त भेगेच्या पृष्ठावर असते, दगडाच्या आत जात नाही, आणि तिला देठाची जाडी किंवा शिरा नसतात. दातेरी रेघेला स्टायलोलाइट म्हणतात. वरच्या थरांच्या दाबाखाली चुनखडी रेघेच्या दोन्ही बाजूंनी विरघळत गेली आणि न विरघळणारी माती, लोहद्रव्य तिथे उरलं. दोन्ही नमुने वर्गात ठेवण्याजोगे आहेत, फक्त चिठ्ठीवर ‘जीवाश्म’ लिहू नका.

प्रश्न : प्रवाळांना सूर्यप्रकाश लागतो असं आम्ही शिकलो. मग अंधारात उंचवटे कसे तयार होतात?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, वणी

शिकलात ते अर्धं बरोबर आहे. उथळ, उबदार पाण्यातल्या प्रवाळांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवालं राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून प्रवाळाला अन्न पुरवतात. लक्षद्वीपची बेटं अशाच प्रवाळांनी उभी केली. पण दगडी प्रवाळांच्या सुमारे १५०० जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती शैवालांशिवाय जगतात. वाहत्या पाण्यातले सूक्ष्म प्राणी आणि सेंद्रिय कण शुंडकांनी पकडून खायचे, हा त्यांचा उदरनिर्वाह. त्यामुळे त्यांना उजेड लागत नाही. लागतो तो प्रवाह आणि बसायला कठीण तळ. एखादा गोटा किंवा शिंपलासुद्धा पुरतो.

आजचं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे डेस्मोफायलम पर्ट्युसम. जुन्या पुस्तकांत हेच लोफेलिया पर्ट्युसा या नावाने भेटेल. ४ ते १२ अंश सेल्सिअसचं पाणी त्याला मानवतं आणि ते बहुधा २०० ते १००० मीटर खोलीवर असतं. फांदी वर्षाला ५ ते २५ मिलिमीटर वाढते. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर २००२ मध्ये सापडलेली रोस्ट प्रवाळभित्ती ३०० ते ४०० मीटर खोलीवर सुमारे ३५ किलोमीटर पसरली आहे.

उंचवटा कसा होतो, ते बघा. आधी एखादी वसाहत. ती वाढते, तिच्या फांद्या मोडून शेजारी पडतात, त्यांवर नव्या वसाहती रुजतात आणि झुडपांचा पट्टा तयार होतो. खालच्या फांद्या मरतात, पण उभ्या राहतात. त्यांच्यामधून जाणारं पाणी मंदावतं आणि त्यातला बारीक चुनामिश्रित गाळ तिथेच बसतो. जिवंत प्रवाळ फक्त वरच्या थरात. खाली मेलेल्या फांद्या आणि गाळ यांचं भरीव टेकाड. डोनाल्ड स्क्वायर्स यांनी १९६४ मध्ये न्यूझीलंडच्या वाइरारापा भागातल्या जीवाश्म प्रवाळांवरून या पायऱ्या मांडल्या : वसाहत, झुडूप, मोडक्या फांद्यांसह दाट झाडी आणि शेवटी टेकाड.

या कामाला किती वेळ लागतो? आयर्लंडच्या नैऋत्येला चॅलेंजर नावाचं टेकाड आहे. २००५ मध्ये ते वरपासून तळापर्यंत खोदून पाहिलं : जाडी १५५ मीटर, सुरुवात सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी. सरासरी काढली तर हजार वर्षांत सहा सेंटिमीटर. फांदी वर्षाला सेंटिमीटरभर वाढत असताना टेकाड इतकं हळू का? कारण स्पंज आणि इतर जीव मेलेल्या फांद्या पोखरतात, त्या मोडतात, काही विरघळतात, आणि थंडी-उबेच्या चक्रांत मधला प्रचंड काळ प्रवाळ तिथे वाढलेलंच नसतं.

प्रश्न : आमच्या विभागाची अभ्याससहल तामिळनाडूत अरियालूर आणि कल्लकुडीच्या चुनखडीच्या खाणींकडे जाणार आहे. प्रवाळ दिसलं, तर ते उथळ समुद्रातलं की खोल समुद्रातलं, हे खाणीत उभं राहून कसं ठरवायचं?
— एम.एस्सी. भूविज्ञानाचे विद्यार्थी, उमरेड

नुसत्या प्रवाळावरून ठरवू नका. खोली सांगतो तो प्रवाळाभोवतीचा गाळ आणि त्यातले शेजारी. कर्ट टाइशर्ट यांनी १९५८ मध्येच लिहून ठेवलं आहे की थंड, खोल पाण्यातही प्रवाळांचे मोठे उंचवटे होतात, तेव्हा जुन्या खडकातल्या प्रत्येक उंचवट्याला उबदार, उथळ समुद्राचा पुरावा मानणं धोक्याचं आहे. तरी ही चूक आजही सर्रास होते, कारण प्रवाळ दिसलं की वहीत ‘उथळ समुद्र’ लिहायची सवय पडलेली असते.

खाणीत पोचल्यावर हातोडा काढू नका. आधी समोरच्या भिंतीपासून तीस-चाळीस मीटर मागे उभे राहा आणि थर पाहा. उंचवटा असेल तर तो खालून सपाट आणि वरून फुगीर दिसतो. त्याच्या बाजूंचे थर तिरके असतात, आणि पुढचे थर त्याच्यावर टेकत जातात. रेखाचित्र काढा, फोटो मोजपट्टीसह घ्या. मग जवळ जा. पृष्ठभाग पाण्याने ओला करा. कोरड्या, धुळकट चुनखडीवर काही दिसत नाही. १० पटीचं भिंग डोळ्याला अगदी लावून धरा आणि दगड भिंगाजवळ आणा, उलट नको.

प्रवाळाच्या फांदीचा आडवा छेद सापडला की आधी खात्री करा की ते प्रवाळच आहे. बाहेर गोल भिंत आणि तिच्यापासून केंद्राकडे जाणारे पातळ उभे पडदे दिसले पाहिजेत. ट्रायासिकपासूनच्या दगडी प्रवाळांत हे पडदे सहाच्या पटीत येतात. पडदे नसून मिलिमीटरहून बारीक छिद्रांच्या रांगा असतील तर तो ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीने राहणारे सूक्ष्म प्राणी. मध्य प्रदेशातल्या बाग इथली ‘कोरलाइन’ म्हणून ओळखली जाणारी चुनखडी बघितलीत तर तिच्यातल्या काड्या बहुतेक ब्रायोझोआच्या आहेत. चांगले चांगले तिथे फसतात.

प्रवाळाची खात्री झाली की उजेडाचे साक्षीदार शोधा. खडूसारखी पांढरी, बारीक जाळीची कवचं किंवा गाठी म्हणजे चुनायुक्त लाल शैवालं. हिरव्या शैवालांचे सच्छिद्र तुकडेही असू शकतात. शिंपल्यांच्या तुकड्यांभोवती काळपट, धूसर किनार दिसली तर ती प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म शैवालांनी पोखरल्याची खूण असते. ही मात्र पातळ छेदाशिवाय, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतक्या घासलेल्या कापाशिवाय, नीट कळत नाही. गोल, एकावर एक थर चढलेले ऊलाइटचे दाणे म्हणजे लाटांनी हलवलेला उथळ तळ. यांतलं काहीही प्रवाळाच्या जागेवर, त्याच थरात मिळालं, तर ‘खोल’ हा शब्द खोडा. कल्लकुडीत तुम्हाला हेच दिसेल. तिथल्या क्रेटेशियस काळातल्या चुनखडीत प्रवाळांसोबत शैवालं भरपूर आहेत, म्हणजे ती उजेडातली.

उजेडाचा एकही साक्षीदार नसेल, तरीही घाई नको. गढूळ पाण्यात कमी खोलीवरही अंधार असतो. नॉर्वेच्या ट्रोंडहाइम फ्योर्डमध्ये तर डेस्मोफायलम केवळ ३९ मीटरवर जिवंत आहे. म्हणून पुढची तपासणी गाळाची. फांद्यांमधला गाळ बारीक, मातकट-पांढरा आहे का? त्यात तरंगत जगणाऱ्या फोरामिनिफेरांची, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीवांची, कवचं दाट आहेत का? खोल समुद्रावर वरून पाऊस पडावा तशी ती साचतात. तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या जाती खोलीनुसार बदलतात, त्यामुळे त्यांची ओळख पटली तर खोलीचा आकडाही काढता येतो. गाळाचा नमुना प्रयोगशाळेसाठी घ्या, अर्धा किलो पुरे, पण प्रवाळाच्या फांद्यांमधूनच. शेजारच्या थरातला नको.

आणखी दोन खुणा. खोल उंचवट्यात प्रवाळांच्या जाती थोड्या असतात, बऱ्याचदा एक-दोनच सगळं काम करतात, आणि त्या फांद्यांच्या असतात. उथळ भित्तीत घुमटाकार, तव्यासारख्या पसरट, अनेक तऱ्हा एकत्र येतात. दुसरी खूण झीज. खोल पाण्यात मोडलेल्या फांदीची टोकं धारदार राहतात, लाटांनी घासून गोल होत नाहीत.

सगळ्यात मोठी फसगत दुसरीच असते. उथळ भित्तीचे तुकडे वादळाने किंवा भूकंपाने उतारावरून घसरून खोल गाळात जाऊन पडतात. मग गाळ खोल पाण्याचा आणि प्रवाळ उथळ पाण्याचं, असा घोळ होतो. म्हणून प्रवाळ उभं, जागच्या जागी आहे का ते तपासा. त्यासाठी प्रवाळाच्या पोकळ्या बघा : अर्ध्या भरलेल्या पोकळीत खाली गाळ आणि वर पारदर्शक कॅल्साइटचे स्फटिक असतात. त्यांच्यामधली सीमा म्हणजे गाळ साचताना असलेली आडवी पातळी. एका थरातल्या दहा-पंधरा पोकळ्यांतल्या सीमा एकमेकींना समांतर आणि थराशी जुळणाऱ्या निघाल्या, तर गाळ बसल्यानंतर प्रवाळ हललेलं नाही. एकेका तुकड्यात ती वेगळ्या दिशेला कलली असेल तर ते घसरून आलेले तुकडे आहेत. सहलीला होकायंत्रासोबत कोनमापक न्या, नेमका याच कामासाठी.

प्रश्न : आमच्याकडे सगळा काळा दगड. फाक्सेची चुनखडी त्याच्यापेक्षा जुनी की नवी?
— वाचक, मेहकर, जि. बुलढाणा

थोडी नवी. तुमच्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा. त्याचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला. फाक्सेचे प्रवाळ-उंचवटे मध्य डेनियन काळातले, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे डायनासोर संपले, दख्खनचा लाव्हा थंडावला आणि त्यानंतर तीसेक लाख वर्षांनी डेन्मार्कच्या समुद्रतळावर हे उंचवटे वाढत होते.

डेनियन या कालखंडाचं नावच डेन्मार्कवरून पडलं आहे. त्याची सुरुवात ज्या सीमेने होते, ती फाक्सेपासून जवळच स्टेव्हन्सच्या समुद्रकड्यात मातीच्या पातळ काळसर थरात दिसते. तो कडा २०१४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आपल्याकडेही या काळाचा धागा अगदीच तुटलेला नाही. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली इथे दोन लाव्हा-थरांच्या मधल्या गाळात डेनियनच्या सुरुवातीच्या, समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांची नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. समुद्राच्या पाण्याचा हात तेव्हा इतक्या आतपर्यंत पोचला असावा, असा त्याचा अर्थ लावतात. प्रवाळ मात्र तिथे नाही. तुमच्या भागात लाव्हाच्या थरांमध्ये चुनखडीसारखा किंवा गारगोटीसारखा कठीण पांढुरका थर सापडला, तर त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि वनस्पतींचे अवशेष मिळू शकतात. ते तळ्यांचे गाळ आहेत.

फाक्सेबद्दल आणखी थोडं. तिथे तीन प्रवाळांनी मुख्य सांगाडा उभारला : डेंड्रोफायलिया कँडेलाब्रम, ऑक्युलिना बेकी आणि फाक्सेफायलिया फाक्सोएन्सिस. तिन्ही फांद्यांची. सोबत शैवालं नाहीत. बर्नेकर आणि वाइडलिख यांनी १९९० मध्ये याच आधारावर तो उंचवटा प्रकाशाबाहेरच्या, शैवालविरहित प्रवाळांचा नमुना म्हणून मांडला. खोलीचा अंदाज साधारण १०० ते ३०० मीटर. फांद्यांच्या आडोशाने राहणारे खेकडे, शिंपले, गोगलगाई, शार्कचे दात असं सगळं त्या खडकात मिळतं. भोवताली ब्रायोझोआंनी केलेले उंचवटे आहेत. दोन्ही शेजारी शेजारी असल्यामुळे तुलना करता येते, आणि चुन्यासाठी खाण चालू राहिल्यामुळे दरवर्षी नवा छेद उघडा पडतो.

तिथल्या प्रवाळांचा एक दोष सांगायला हवा. प्रवाळाचा सांगाडा अॅरागोनाइटचा. अॅरागोनाइट आणि कॅल्साइट ही कॅल्शियम कार्बोनेटचीच दोन रूपं, पण अॅरागोनाइट कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतं. फाक्सेत बरीच प्रवाळं स्वतः विरघळून गेली आहेत. उरला आहे तो भोवतालच्या गाळात उमटलेला त्यांचा पोकळ साचा. कॅल्साइटच्या कवचाचे ब्रायोझोआ मात्र चांगले राहिले. नवख्या माणसाला त्या पोकळ्या दगडातली साधी भोकं वाटतात. रबरासारखं सिलिकॉन आत ओतून साचा उलटा काढला की पडदे पुन्हा दिसतात.

फाक्से एकटंच नाही. सिसिलीतल्या मेसिनाच्या परिसरात प्लाइस्टोसीन काळातली खोल समुद्रातली प्रवाळं आज जमिनीवर आहेत, कारण तो भाग भ्रंशांवर झपाट्याने उचलला गेला. ऱ्होड्स बेटावरही तशी ठिकाणं आहेत.

प्रश्न : कॉलेजात पातळ छेद करायचं यंत्र नाही. चुनखडीतले जीवाश्म दाखवायला दुसरा मार्ग आहे काय?
— प्रयोगशाळा सहायक, वरुड

आहे : ॲसिटेट पील. पातळ छेदासाठी दगड ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासावा लागतो. पीलमध्ये दगडाच्या पृष्ठाचा ठसा पारदर्शक फिल्मवर घेतला की काम होतं.

मार्बल कापणाऱ्याकडून दगडाचा सपाट काप काढून घ्या, तळहाताएवढा पुरे. जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन घासा : आधी २२० नंबर, मग ४००, शेवटी ६००. हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर काचेवर ठेवूनही चालतं. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि हात नळाखाली धुवा. ६०० च्या टप्प्यात २२० चा एखादा कण राहिला तर पृष्ठावर ओरखडा पडतो आणि तो पीलमध्ये जीवाश्मापेक्षा ठळक येतो.

आता आम्ल. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात, आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. साधारण दहा टक्क्यांचं द्रावण होतं. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी. घासलेलं पृष्ठ खाली करून १० ते १५ सेकंद बुडवा, लगेच भरपूर पाण्यात हळुवार धुवा आणि वाळू द्या. यानंतर पृष्ठाला बोट लावायचं नाही. आम्लाने कोरलेले बारीक उंचसखल भाग बोटाच्या दाबाने मोडतात.

दगड पूर्ण वाळला की पृष्ठ वर आणि आडवं ठेवा. वाळूत किंवा चिकणमातीत टेकवलं तर हलत नाही. त्यावर ॲसिटोन ओता, सगळं पृष्ठ भिजून थोडं साचेल इतकं. मग सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म एका कडेने टेकवत दुसऱ्या कडेकडे गुंडाळत न्या, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. दाबू नका. २० ते ३० मिनिटांनी एका कोपऱ्यातून सावकाश सोलून दोन काचपट्ट्यांमध्ये चिकटपट्टीने बंद करा. सूक्ष्मदर्शकाखाली लावा, साध्या प्रोजेक्टरवरही दिसतं.

बिघडतं ते बहुधा असं. बुडबुडे आले तर ॲसिटोन कमी पडलं किंवा फिल्म वरून सरळ टाकली गेली. फिल्म दुधाळ झाली तर दगडात ओल होती. फाटली तर लवकर सोलली. चित्र पुसट आलं तर आम्लात कमी ठेवलं. खडबडीत, अस्पष्ट आलं तर जास्त. काहीच उमटलं नाही तर फिल्म तपासा. ओएचपीच्या पारदर्शक शीट पॉलिएस्टरच्या असतात, ॲसिटोन त्यांना विरघळवत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम करूच नका. ४४-४५ अंशांत ॲसिटोन फिल्म टेकवेपर्यंत उडून जातं. सकाळी सातच्या आत उरका. ॲसिटोनची वाफ ज्वालाग्राही असते, म्हणून बर्नर त्या खोलीत नको.

आम्लात टाकल्यावर दगड जेमतेम फसफसला, तर तो डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट खनिज) झालेला असू शकतो. खात्रीसाठी दीड टक्क्याच्या आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये ०.२ ग्रॅम अलिझारिन रेड एस मिसळा आणि पृष्ठ अर्धा-पाऊण मिनिट त्यात धरा. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट रंग घेत नाही. डोलोमाइट झालेल्या खडकात मूळ रचना बऱ्याचदा पुसलेली असते. तो दगड बाजूला ठेवा, त्यावर दिवस घालवू नका.

प्रश्न : फरशीच्या दुकानात प्रवाळाचे जीवाश्म दिसतील का? मुलाला दाखवायचे आहेत.
— बांधकाम ठेकेदार, आर्वी

आपल्याकडच्या नेहमीच्या फरश्यांत नाही. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या तिन्ही प्राण्यांच्या आधीच्या काळातल्या चुनखड्या आहेत, कोरपन्यासारख्याच. पिवळा जैसलमेरी दगड ज्युरासिकमधला आहे. त्यात शिंपल्यांचे छेद सापडतात. मुलाला पाण्याची बाटली आणि भिंग देऊन दुकानातल्या जैसलमेरी कापांच्या कडा ओल्या करून बघू द्या. खास प्रवाळांसाठी कच्छ बरं : जुमारा इथे ज्युरासिक प्रवाळांचा थर प्रसिद्ध आहे.

प्रश्न : वावरात विहीर खोदताना पांढरे गोटे निघाले. काहींना काडीसारखा आकार आणि मधून आरपार भोक आहे. हे पोवळं आहे काय? विकलं जाते काय?
— शेतकरी, वरोरा तालुका

भाऊ, हे पोवळं नाही आणि त्याला किंमतही नाही. काळ्या मातीत पाणी वर-खाली होताना चुना साचून हे खडे तयार होतात. काडीसारखे आहेत ते मुळांभोवती साचलेल्या चुन्याचे. मूळ कुजलं आणि मधे भोक राहिलं. घरीच तपासा : एक काडी फोडून भिंगातून बघा. प्रवाळ असतं तर भोकाच्या भिंतीपासून आत जाणारे पडदे दिसले असते. इथे भोक गुळगुळीत आणि भोवती चुन्याचे थर दिसतील. हे खडे वरच्या दोन फुटांत जास्त असतील, तर तिथे संत्र्याची लागवड करण्याआधी माती तपासून घ्या. चुना जास्त असला की झाडाला लोह मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात.

एक गोष्ट मात्र जपा. तुमच्याच तालुक्यात पिसदुरा परिसरात दख्खनच्या लाव्हाखालच्या गाळाच्या, ‘लमेटा’ नावाच्या थरांमध्ये डायनासोरची हाडं आणि त्यांची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण ओळखले गेले, आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे त्यावरून कळलं. तेव्हा विहिरीच्या मातीत जड, तपकिरी, गुळगुळीत गोळे किंवा हाडासारखी जाळी असलेले तुकडे दिसले, तर ते फोडू नका, धुऊ नका, जागेवरून उचलून ढिगात मिसळू नका. किती फुटांवर निघाले ते लिहा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद करा आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. पांढऱ्या खड्यांसाठी त्यांना बोलावू नका.